पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या नव्या कादंबऱ्या आणि वाचकांचे दोन तट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन गुन्हेकथा-लेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची नायिका डॉ. के स्कार्पेटा शवविच्छेदन करून खुनांचा छडा लावते. तिची पहिली कादंबरी 'पोस्टमॉर्टेम' १९९० साली आली. २०२५च्या 'शार्प फोर्स'पर्यंत ही मालिका २९ पुस्तकांवर गेली आहे. एवढा लांबचा पल्ला म्हटल्यावर वाचकांत तट पडणारच. 'पहिली दहा वाचा आणि थांबा' असं छातीठोकपणे सांगणारे आहेत, तसे नवं पुस्तक हाती पडलं की रात्र जागून संपवणारेही आहेत. दोन्ही बाजूंकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

खुनी कोण हे कुठंही फोडलेलं नाही. पात्रांच्या आयुष्यात काय घडतं ते मात्र सांगावंच लागलं, त्याशिवाय या वादावर बोलताच येत नाही. ज्यांना तेही आधी कळायला नको असेल, त्यांनी थेट 'सुरुवात कुठून करावी' या प्रश्नाकडे जावं.

वाद नेमका काय आहे?

एक गट म्हणतो, जुनी पुस्तकं शवागारातल्या टेबलावरून रहस्य उलगडत न्यायची. नवी पुस्तकं घरातली धुसफूस आणि सरकारी गुप्त खात्यांचं जंजाळ यातच अडकून पडतात. दुसरा गट म्हणतो, पस्तीस वर्षं तेच लिहिलं असतं तर तुम्हीच नाक मुरडलं असतं. माझा कल पहिल्या गटाकडे आहे हे आधीच सांगून टाकते. मात्र त्यांनी दिलेली सगळी कारणं मला पटत नाहीत.

सुरुवातीच्या पुस्तकांचं एवढं कौतुक का?

कारण त्यातली माहिती ऐकीव नव्हती. कॉर्नवेलबाई आधी 'शार्लट ऑब्झर्व्हर' या दैनिकात गुन्हेवार्ता लिहीत. नंतर रिचमंडला व्हर्जिनियाच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात त्यांनी काही वर्षं तांत्रिक लेखनाचं आणि संगणकाचं काम केलं. तिथल्या डॉ. मार्सेला फारिनेली फिएरो यांच्याकडून त्या बरंच शिकल्या. स्कार्पेटाच्या भाचीचं आडनाव फारिनेली आहे, ते उगाच नाही.

'पोस्टमॉर्टेम'च्या मागे १९८७ मधले रिचमंडचे खरे खून होते. त्यातला गुन्हेगार टिमथी स्पेन्सर याला १९९४ मध्ये देहदंड झाला. डीएनएच्या पुराव्यावर दोषी ठरून मृत्युदंड मिळालेला अमेरिकेतला तो पहिला माणूस. म्हणजे डीएनए म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगावं लागत होतं, त्या काळातली ही कादंबरी.

तिची सुरुवात आठवा. शुक्रवार, सहा जून, रिचमंडमध्ये पाऊस. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी फोन वाजतो. पलीकडे पोलीस सार्जंट मरीनो. लॉरी पीटरसन नावाच्या तरुण डॉक्टरचा खून झालाय. पुढे मृतदेहावर लेझरचा किरण फिरतो आणि अंधारात त्वचेवर बारीक चमचम दिसते. आधीच्या बळींच्या अंगावरही हीच चमचम होती. ही भुकटी कसली? वाचक या प्रश्नाला चिकटून राहतो, आणि उत्तर निघतं ते रोजच्या वापरातल्या एका सामान्य वस्तूत. हातात फक्त एक शरीर आहे, ते बोलू शकत नाही, आणि तरी त्याच्याकडून साक्ष काढायची आहे. जुन्या वाचकांना जे हवंय ते हे.

पुस्तक आधी अनेक प्रकाशकांनी नाकारलं होतं. छापून आल्यावर एडगर, अँथनी, मॅकॅव्हिटी आणि जॉन क्रीझी असे गुन्हेकथांचे पुरस्कार पाठोपाठ मिळाले.

गाडी रुळावरून घसरली ती 'ब्लो फ्लाय'मध्ये, असं म्हणतात. खरं आहे का?

बहुतेकांचं बोट २००३च्या याच पुस्तकावर असतं. त्यात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट निवेदनाची. तोवर सगळं स्कार्पेटाच्या तोंडून यायचं: मी गेले, मी पाहिलं, मला शंका आली. 'ब्लो फ्लाय'मध्ये 'मी' गेली, 'ती' आली आणि क्रियापदं वर्तमानकाळात गेली. आपण खुन्याच्या डोक्यात शिरलो, तुरुंगात शिरलो, सगळीकडे फिरलो. फक्त स्कार्पेटाच्या शेजारी उभे राहायचो, ते राहिलो नाही. लेखिकेच्या बाजूने बघितलं तर हे समजू शकतं. प्रथमपुरुषी निवेदनात नायिका जाईल तिथंच कथा जाऊ शकते, आणि अकरा पुस्तकांनंतर भिंती जवळ आल्यासारख्या वाटत असणार. पण वाचकाला विश्वास होता तो त्या आवाजावर.

दुसरी गोष्ट बेंटनची. तिचं दुखणं मोठं आहे, म्हणून तिला वेगळा प्रश्न.

मेलेलं पात्र परत आणणं ही वाचकाची फसवणूक नाही का? होम्सही परत आलाच होता की!

होम्सचा दाखला नेहमी दिला जातो. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये त्याला धबधब्यात लोटलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. पण होम्सचं प्रेत कुणी पाहिलं नव्हतं, आणि वाचक स्वतःच तो परत यावा म्हणून टाहो फोडत होते.

बेंटन वेस्लीचं तसं नाही. एफबीआयचा हा अधिकारी स्कार्पेटाचा जिवाभावाचा माणूस. 'पॉइंट ऑफ ओरिजिन'मध्ये (१९९८) तो मारला जातो. पुढच्या वर्षीच्या 'ब्लॅक नोटिस'च्या सुरुवातीला एक सिनेटर स्कार्पेटाच्या दारात येतो आणि तिच्या हातात एक पत्र ठेवतो. बेंटनने आपल्या मृत्यूनंतर द्यायला म्हणून लिहून ठेवलेलं पत्र. तिनं रडून घ्यावं, मित्रांना जेवायला बोलवावं, जगत राहावं, असा त्याचा मजकूर. संपूर्ण मालिकेतलं हे सर्वांत हळवं पान असावं. वाचकांनी तिच्यासोबत तो शोक केला, आणखी एक पुस्तक केला. आणि २००३ मध्ये कळलं की बेंटन साक्षीदार-संरक्षणाखाली लपून जिवंत आहे.

इथं कारस्थानाची तर्कशुद्धता हा मुद्दाच उरत नाही. वाचकाकडून जे दुःख वसूल केलं, त्याची परतफेड झाली नाही. शिवाय यानंतर कुणाच्याही मरणाला वजन राहिलं नाही. कॅरी ग्रेथन ही खलनायिका मेली असं सगळ्यांनी धरलं होतं, तीही २०१४ मध्ये परत आली. तोपर्यंत 'हीसुद्धा?' म्हणून वाचक नुसता मान हलवत होते.

मरीनोवरून वाचक इतके का चिडतात?

कारण तो त्यांचा लाडका होता. पीट मरीनो पहिल्या पुस्तकात रिचमंड पोलिसांतला सार्जंट आहे: ढेरपोट्या, सिगारेटी फुंकणारा, बायका बॉस झालेल्या न आवडणारा. त्याची आणि स्कार्पेटाची मैत्री कित्येक पुस्तकं इंच-इंच पुढे सरकली. तो तोंडाने कौतुक कधीच करणार नाही, पण मध्यरात्री बोलावलं तर येईल.

'बुक ऑफ द डेड'मध्ये (२००७) हाच मरीनो दारूच्या नशेत स्कार्पेटावर लैंगिक हल्ला करतो. अनेकांनी मालिका सोडली ती इथंच. त्याच पुस्तकाला ब्रिटनमध्ये २००८च्या सर्वोत्तम क्राइम थ्रिलरचा पुरस्कारही मिळाला. वाचक आणि परीक्षक यांची तोंडं दोन दिशांना असल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडायचं नाही.

बचाव करणारे म्हणतात, असा हल्ला बहुधा ओळखीचाच माणूस करतो, आणि लेखिकेनं ते दाखवायचं धैर्य केलं. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माझा आक्षेप हल्ल्यापेक्षा त्यानंतरच्या हाताळणीला आहे. मरीनो काही काळ गायब होतो, मग परततो, पुन्हा तिच्यासोबत काम करू लागतो. २०२१च्या 'ऑटॉप्सी'पर्यंत तर तो तिच्या बहिणीचा, डॉरोथीचा, नवरा झालेला असतो. एवढी मोठी जखम दाखवली की तिची किंमत पुढच्या पुस्तकांनी मोजायला हवी. ती पुरेशी मोजली गेली नाही.

पात्रांची वयं वाढत कशी नाहीत?

स्कार्पेटाची भाची ल्यूसी १९९० मध्ये दहा वर्षांची आहे आणि स्कार्पेटा चाळिशीची. सरळ हिशेब लावला तर आज मावशी पंचाहत्तरीला टेकलेली असायला हवी. त्या वयाची बाई हेलिकॉप्टरमधून उतरून दलदलीत प्रेत तपासणार नाही, म्हणून लेखिकेनं मधेच घड्याळ मागे फिरवलं. लांब मालिकांत हे सर्रास चालतं. अगाथा ख्रिस्तींचा प्वारो १९२० च्या पहिल्याच पुस्तकात निवृत्त होता आणि त्यानंतरही अर्धशतक कामावर होता. यावर भांडण्यात अर्थ नाही.

२०१० मध्ये 'मी' परत आली. मग जुने वाचक का परतले नाहीत?

सगळ्या प्रश्नांतला हाच मला खरा वाटतो.

'पोर्ट मॉर्च्युरी'पासून स्कार्पेटा पुन्हा स्वतःच बोलू लागली. मागणी मान्य झाली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. म्हणजे दुखणं निवेदनात नव्हतं, निदान फक्त तिथं तरी नव्हतं.

वर 'पोस्टमॉर्टेम'ची सुरुवात सांगितली. आता 'फ्लेश अँड ब्लड'ची (२०१४) बघा. स्कार्पेटाचा वाढदिवस, मायामीला सुट्टीवर निघायची तयारी. केंब्रिजमधल्या घरामागच्या भिंतीवर तिला सात नाणी मांडलेली दिसतात. घासून चकचकीत केलेले पेनी, सगळे १९८१ सालचे. चित्र झकास आहे, अंगावर काटा येतो. पण ती नाणी कुणासाठी मांडली आहेत? तिच्यासाठी. खुनी तिच्याशी बोलतोय. पहिल्या पुस्तकातली लॉरी पीटरसन अनोळखी होती. स्कार्पेटाचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता, आणि म्हणूनच तिच्यासाठी चाललेली ती धडपड मोठी वाटायची. नंतरच्या पुस्तकांत बळी हा निरोप होऊन येतो. गुन्ह्याचा धागा फिरून फिरून स्कार्पेटा, बेंटन, ल्यूसी, मरीनो या चौकडीपाशीच येतो. शत्रू जुने, सूड जुना, आणि मेलेला माणूस मध्ये सापडलेला.

माझ्या मते मालिका बदलली ती या जागी. आणि हे एका पुस्तकात झालेलं नाही. टेंपल गॉल्ट या खुन्याच्या पुस्तकांपासून, म्हणजे १९९३-९५ पासूनच याची सुरुवात दिसते; ज्यांना आपण 'सुवर्णकाळ' म्हणतो त्याच्या ऐन मध्यात. 'पहिली दहा चांगली, पुढची वाईट' ही रेघ म्हणूनच मला पटत नाही.

नव्या पुस्तकांत काही घडतच नाही, ही तक्रार रास्त आहे का?

काही पुस्तकांपुरती, हो. 'केऑस'मध्ये (२०१६) बहुतेक सगळी कथा एका संध्याकाळची. अंग भाजून काढणाऱ्या उकाड्यात स्कार्पेटा हार्वर्डच्या फॅकल्टी क्लबमध्ये नवऱ्यासोबत, म्हणजे बेंटनसोबत, जेवायला निघाली आहे. चार्ल्स नदीकाठी एक सायकलस्वार तरुणी मरून पडली आहे. वाचकाला तिथं जायची घाई, आणि स्कार्पेटा आपली घाम, बहीण, फोन आणि जुन्या आठवणी यांत. मृतदेहापाशी पोचेपर्यंत पुष्कळ पानं जातात. चाहत्यांना यात ताण दिसतो, इतरांना टाळाटाळ. मला दोन्ही आलटून पालटून दिसलं, त्यामुळे इथं निवाडा करत नाही.

अवकाशयान, बिगफूट, उडत्या तबकड्या… हे काय चाललंय?

'ऑटॉप्सी'त अवकाशातल्या प्रयोगशाळेत मृत्यू होतात. 'अननॅचरल डेथ'मध्ये (२०२३) मरीनोला बिगफूटच्या, म्हणजे दंतकथेतल्या माणसासारख्या महाकाय प्राण्याच्या, पावलाचा ठसा सापडतो. 'आयडेंटिटी अननोन'मध्ये (२०२४) ओसाड पडलेल्या एका मनोरंजन उद्यानात नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाचं प्रेत आभाळातून टाकल्यासारखं पडलेलं आहे, आणि तो स्कार्पेटाचा एकेकाळचा प्रियकर. (बघा, पुन्हा तिच्याच ओळखीचा.)

यामागे एक व्यावहारिक कारण असावं असा माझा अंदाज आहे. १९९० मध्ये लेझर आणि डीएनए ही वाचकासाठी जादू होती. २००० साली 'सीएसआय' ही न्यायवैद्यक तपासाची मालिका टीव्हीवर आली आणि काही वर्षांत घराघरात लोक पुराव्याच्या पिशव्यांबद्दल अधिकारवाणीनं बोलू लागले. ज्या ज्ञानावर कॉर्नवेलबाईंची मक्तेदारी होती ते वाटून खाल्लं गेलं. मग नवलाई आणायची कुठून? ड्रोन, सायबर हल्ले, कृत्रिम बुद्धिमत्ता, अंतराळ. हे सगळं त्यांनी त्याच चिकाटीनं अभ्यासलेलं आहे, हे पानोपानी जाणवतं.

तरी फरक पडतोच. मृतदेहावरचा डाग वाचक मनातल्या मनात स्वतः तपासू शकतो. गुप्त उपग्रहाबद्दल त्याला पात्रांनी सांगितलेलं मुकाट मान्य करावं लागतं.

मग नव्या पुस्तकांची बाजू घेणारे काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं बहुधा ऐकून घेतलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

ते म्हणतात, आम्ही माणसांसाठी वाचतो. दहा वर्षांची, संगणकात डोकं खुपसून बसलेली एकटी मुलगी पुढे एफबीआयमध्ये जाते, तिथून बाहेर पडते, श्रीमंत होते, प्रेमात पडते, होरपळते. एवढा मोठा आलेख एका पुस्तकात मावत नाही. 'ऑटॉप्सी'त ल्यूसीची जोडीदार जॅनेट आणि त्यांचा दत्तक मुलगा कोविडमध्ये गेलेले आहेत, आणि ल्यूसीनं जॅनेटची आभासी प्रतिमा संगणकात तयार करून तिच्याशी बोलणं चालू ठेवलंय. तंत्रज्ञान काढून टाकलं तर ही न आवरणाऱ्या शोकाची गोष्ट आहे, आणि ज्यांनी ल्यूसीला लहानपणापासून पाहिलंय त्यांनाच ती पुरती भिडते. नव्या पुस्तकांत एवढं चांगलं काही नाही असं म्हणणाऱ्यांनी तो भाग पुन्हा वाचावा.

दुसरा मुद्दा असा की 'ऑटॉप्सी'त स्कार्पेटा पुन्हा व्हर्जिनियाला, जुन्या पदावर आली. फ्लोरिडा, चार्ल्स्टन, मॅसॅच्युसेट्स अशी वणवण झाल्यावर हे परतणं बऱ्याच जणांना सुखावून गेलं. पाच वर्षांची विश्रांती लेखिकेला मानवली, असंही ते सांगतात.

शेवट घाईत गुंडाळला जातो?

हो. पण ही तक्रार नवी नाही. 'पोस्टमॉर्टेम'मधलाही खुनी वाचकाला आधी धड भेटलेला नसतो. कॉर्नवेल कोडं घालणाऱ्या लेखिका कधीच नव्हत्या. संशयितांची रांग लावून त्यातून एक उचलायचा हा त्यांचा खेळ नाही.

इतकी टीका होते, तरी पुस्तकं खपतात कशी?

दहा कोटींहून जास्त प्रती गेल्याचं प्रकाशक सांगतात. नाराज वाचकही विकत घेतो, हे त्यातलं उघड गुपित. 'आता शेवटचं' म्हणत पुढचं पुस्तक मागवणारे मी कितीतरी पाहिलेत.

उतारवयात लेखकाची पकड सुटते, तसं तर नाही?

अशी घाऊक विधानं करू नयेत. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांची संगणकावर तपासणी केली होती आणि अखेरच्या पुस्तकांत शब्दसंपदा आटल्याचं दाखवलं होतं. त्याचा आधार घेऊन लोक कुणाही लेखकाचं परस्पर निदान करतात. 'ब्लो फ्लाय' आलं तेव्हा कॉर्नवेल जेमतेम सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. तो बदल विचारपूर्वक केलेला होता. आवडला नाही, असं म्हणा आणि सोडा.

जॅक द रिपरच्या पुस्तकाचा या वादाशी काय संबंध?

थोडा आहे. २००२ मध्ये त्यांनी चित्रकार वॉल्टर सिकर्ट हाच लंडनचा कुप्रसिद्ध खुनी जॅक द रिपर होता असं ठामपणे मांडलं, २०१७ मध्ये सुधारित रूपात पुन्हा मांडलं. अनेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पुराव्यापेक्षा खात्री मोठी, हा त्यांचा आक्षेप. 'द लास्ट प्रीसिंक्ट' आणि 'ब्लो फ्लाय' यांच्यामधल्या तीन वर्षांत हे काम चालू होतं. त्या काळात त्यांच्यातली कादंबरीकार बदलली, असं काही जुने वाचक मानतात. सिद्ध करता येणार नाही, पण कालक्रम जुळतो खरा.

सुरुवात कुठून करावी?

'पोस्टमॉर्टेम'पासून. ते आवडलं नाही तर बाकीचं आवडायची शक्यता कमी.

दोनच वाचायची असतील तर दुसरं 'द बॉडी फार्म' (१९९४) घ्या. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सविलमधल्या संशोधन केंद्रात दान केलेले मृतदेह उघड्यावर ठेवून ते कसे कुजतात याचा अभ्यास होतो. 'बॉडी फार्म' हे त्याचं नाव जगभर झालं ते या कादंबरीमुळे. एका लहान मुलीच्या अंगावर उमटलेला चमत्कारिक ठसा कशाचा, एवढं शोधायला तिथं मुद्दाम प्रयोग मांडला जातो. ज्यांना पुरस्कारांची शिफारस लागते त्यांच्यासाठी 'क्रूएल अँड अनयूज्वल', १९९३चा गोल्ड डॅगर हा गुन्हेकथांचा पुरस्कार मिळालेली.

थेट नव्यांत उतरायचं असेल तर 'ऑटॉप्सी'. मागचे धागेदोरे तिथं बऱ्यापैकी पुन्हा सांगितलेत. मधली पुस्तकं मात्र क्रम सोडून वाचू नका. कोण कुणावर का डाफरतंय हेच कळणार नाही.

प्राइम व्हिडिओवरची मालिका बघून मत बनवलं तर चालेल?

मालिकेबद्दल मत बनवा. निकोल किडमन स्कार्पेटा आहे आणि जेमी ली कर्टिस डॉरोथी. तरुणपणीचा काळ आणि आजचा काळ शेजारी-शेजारी ठेवलेत, त्यामुळे जुनी आणि नवी पुस्तकं एकमेकांत मिसळली आहेत. वादात पडायचं तर ती वेगळीच वाचायला हवीत.

मला रक्त बघवत नाही. झेपेल का?

शवविच्छेदनाची वर्णनं जुन्या पुस्तकांत जास्त आहेत, पण ती थंड डोक्याची, डॉक्टरी आहेत. खुन्याच्या नजरेतून क्रूरपणा दिसतो तो २००३ ते २००९ मधल्या पुस्तकांत. त्यातलं 'प्रेडेटर' संवेदनशील वाचकांनी टाळलेलं बरं. मुलांवरच्या अत्याचाराचे उल्लेख मालिकेत अधूनमधून येतात. 'द बॉडी फार्म'ची सगळी कथाच एका अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाची आहे, तेव्हा वरची शिफारस हे ध्यानात ठेवून घ्या.